सेव्हर्नची ओटी

काल अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरीच्या घरात नारळ फोडला आणि ओल्या खोबऱ्याच्या वासासरशी मी वूस्टरला जाऊन पोचले. इथल्या शेजारच्या वूस्टरला नाही; ज्याच्यावरून त्याचं नाव पडलं, त्या इंग्लंडमधल्या. तिथे मी प्रोजेक्टवर असताना आई सांगलीहून राहायला आली होती.

तिथल्या कॅथीड्रलच्या मागून सेव्हर्न नदी वाहते. काठाच्या दगडी भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा आणि सालं कोरलेली आहेत. आई त्यांवरून बोट फिरवत गेली. सगळ्यात वरच्या खुणेपर्यंत तिचा हात पोचेना.

"हिलाही पूर येतो गं, आपल्या कृष्णेसारखा," ती म्हणाली आणि पर्समधून हिरवा खण, तांदळाची पुडी आणि नारळ काढला. लेक हिच्या काठी राहते, म्हणून तिला नदीची ओटी भरायची होती. सांगलीहून निघतानाच तिने ठरवलं असणार.

"आई, प्लीज! इथे असलं चालत नाही. लोक बघतायत." मी तिच्या हातातून नारळ जवळजवळ ओढूनच घेतला.

लोक बघत होते, पण हंसांकडे. पावाचे तुकडे खुशाल नदीत टाकत होते. ते मला आता दिसतं. तेव्हा नुसता तो हिरवागार खण डोळ्यांत खुपत होता.

खणाची घडी घालून आईने तो पर्समध्ये ठेवला.

संध्याकाळी मी त्याच नारळाची चटणी केली. वाढायला गेले, तर आईने ताटावर हात आडवा धरला.

"नको. नदीचा आहे तो."