एनॉक पडीने ठोकलेला खुंट

एनॉक पडीने जन्मभर दुसऱ्यांची कुंपणं घातली. इंग्लंडातल्या सॉमरसेट परगण्यातल्या त्या खेड्यात त्याच्या हातचं कुंपण बैलालाही हलत नसे. एकतीस वर्षं तो गावच्या मदत मंडळात होता. माणूस आजारी पडला की मंडळ त्याचं घर चालवी, मेला की मंडळाचेच भाऊ, म्हणजे सभासद, खांदा देत. ज्याच्यामागे मंडळ नाही, त्याच्या नशिबी परगण्याचा गरीबखाना आणि बेवारशाची माती. एनॉक जगात भ्यायला तो तेवढ्यालाच.

त्या वसंतात त्याची छाती भरली, ती बरी होईना. मंडळाची मदत सुरू झाली. नियम कडक होता: मदत घेणाऱ्याने कसल्याही कामाला हात लावायचा नाही, लावला तर मंडळातून नाव कायमचं खोडायचं. कारभारी सायलस डर्स्टन, त्याचा लंगोटीयार, दर मंगळवारी पाहून जाई.

अशाच एका मंगळवारी घरच्या डुकरिणीने आपल्या आवाराचा खुंट उपटला. बायको केझाया विहिरीवर गेलेली. डुकरीण शेजाऱ्याच्या वाटाण्यात शिरणार, तोच एनॉक धापा टाकत उठला आणि लाकडी मोगरीने खुंट ठोकू लागला. जन्माची खोड, दुसरं काय. वर पाहतो तर फाटकात सायलस.

"मोगरी ठेव खाली."

"दोनच घाव राहिलेत. अर्धवट खुंट मला बघवत नाही."

"गाढवा, मी एकटा नाही. मागं लोहार उभाय, तोही मंडळातला."

मंडळाच्या बैठकीत सायलसने विचारलं, "एनॉक, मोगरी हातात होती, का नुसती जवळ पडलेली?"

तो वाट काढून देतोय हे सगळ्यांना कळलं. लोहारानेही मान खाली घातली. पण मंडळाच्या खोलीत भावांशी खोटं बोलायचं नाही, अशी एनॉकची शपथ होती.

"हातात होती," तो म्हणाला.

नियम भावांनीच केलेला, आणि आता त्यांनाच तो मोडता येईना. नाव खोडताना सायलस रडत होता.

पुढे मंडळाच्या वार्षिक सणाचा सोमवार आला. मंडळाची मिरवणूक निघाली, पितळी टोकांच्या काठ्या घेऊन. केझाया खिडकी लावायला गेली.

"राहू दे गं. सायलसचे पाय सुजलेत, चालवतंय का बघतो."

आजारी भावाच्या दारात ढोल थांबवायचा आणि काठ्या झुकवायच्या, अशी मंडळाची रीत. एनॉक केस विंचरून उशाला टेकून बसला होता. सायलस मान ताठ ठेवून समोर बघत चालत होता. ढोल न थांबता पुढे गेला.