डब्याची जागा

मायला लातूरहून लोह्याच्या शेतावर जायचं होतं ते दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या जीपमधूनच, आणि डॉक्टरांनी बंदी घातली ती नेमकी त्याच गाडीवर. शुगरमुळे तिच्या तळपायांना काही कळेनासं झालंय. जीपच्या सायलेन्सरचा पाइप डाव्या सीटसमोर, बरोबर पायांखालून जातो, आणि माय गाडीत बसली की आधी चपला काढते. दादा गेले त्या उन्हाळ्यात मी तिला शेताकडे न्यायला निघाले. चाकूरला चहाला उतरलो, तर तिच्या तळव्याला रुपयाएवढा फोड. तिला पत्ताच नव्हता. तिथूनच परत फिरलो. मला राग आला, गाडीचा, माझा आणि खरं सांगायचं तर गेलेल्या दादांचाही.

माझी एसीची गाडी आहे. माय तिच्यात बसते, पण दवाखान्यापुरती. शेताचा विषय निघाला की म्हणायची, जीपनं नेणार असशील तर येते. असे दोन उन्हाळे गेले.

दादा जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. जीप त्यांनी सरकारी लिलावात घेतली. रविवारी ते आणि माय शेतावर जायचे. दोन सीटांच्या मधे गिअरबॉक्सवर पत्र्याचा उंचवटा आहे, त्यावर मायचा पितळी डबा. लोह्याला पोचेपर्यंत आतली भाकरी चुलीवरून आत्ताच उतरवल्यासारखी. दादांना त्याचा कोण अभिमान, जणू कंपनीनं ती सोय खास त्यांच्यासाठी दिली होती. आम्ही भावंडं मागे बसून भाजून निघायचो आणि कुरकुरायचो. गाडी जित्ती हाय म्हणून तापती, असं ते म्हणायचे.

यंदा मी ठरवलं, उष्णता काढायचीच. हुशारी करून आधी जाड लोकरीचा नमदा आणला आणि सगळ्या तळाला अंथरला. आठवडाभरात गाडीत करपल्याचा वास. लातूरच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी तो दोन बोटांनी उचलून बाहेर ठेवला आणि मला विचारलं, ताप आलेल्या माणसाला गोधडी पांघरली की ताप जातो काय?

त्यांनी गाडी खालून पाहिली. इंजिनाला पाइप जोडतो तिथलं पॅकिंग फुटलं होतं, जळका वायू तिथूनच बाहेर येत होता. इंजिन आणि पायांच्या मधल्या पत्र्यात वायरींसाठी पाडलेली भोकं उघडी होती, त्यांची रबरं कधीच झडून गेलेली. गिअरच्या दांड्याचं रबरही फाटलेलं. मिस्त्रींनी आधी पॅकिंग बदललं, मग एकेक भोक बुजवलं. पाइपाला काचेच्या धाग्याची पट्टी गुंडाळली. पाइप आणि तळाच्या मधे, दोन्हीकडे बोटभर हवा ठेवून, ॲल्युमिनियमचा पत्रा बसवला. वर नवीन अस्तर शेवटी. तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी भर दुपारी मी एकटीच अहमदपूरपर्यंत जाऊन आले आणि अनवाणी पाय डावीकडच्या पत्र्यावर टेकवून पाहिला. कोमट होता, बस.

रविवारी माय तयार होऊन बसलेली. मी मोजे घालायला लावले, ते तिनं तोंड वाकडं करून घातले. दर थोड्या वेळानं गाडी थांबवून मी तिच्या पायाखाली हात लावून बघत होते. ती म्हणाली, अशानं आपण पोळ्याला पोचू. डबा तिनं न बोलता त्या उंचवट्यावर ठेवला होता. माझं तिकडे लक्षच नव्हतं.

शेतात लिंबाखाली तिचे मोजे काढून तळवे पाहिले. काही नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं, इतकं बरं वाटलं. मग तिनं डबा उघडला, भाकरीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिली.

"गार हाय," ती म्हणाली.

तक्रार नव्हती त्यात. पण इतक्या खटपटीनं मी गाडीतून बाहेर काढली ती ही ऊबच होती. दादांची इतकी आठवण मला ते गेले त्या दिवशीही आली नव्हती.

मायनं जीपकडे पाहिलं. मग म्हणाली, बॉनेट उघड. मी उघडलं. आत इंजिन अजून चांगलंच तापलेलं होतं. तिनं डबा दिला आणि मी तो इंजिनावर सपाट जागा बघून ठेवला. आम्ही दोघी तिथंच उभ्या राहिलो. पाचेक मिनिटांत पितळेला हात लावता येईना, तेव्हा मायनं तो पदरानं धरून उतरवला.

भाकरी मोडताना मायला हसू आलं. "इतकी वर्सं पाय भाजून घेतले. तुझ्या दादाला हे कधी सुचलं न्हाई बघ."

पहिला तुकडा तिनं पिठल्यात बुडवला, पण तोंडात घातला नाही. जीपच्या उजव्या, दादा बसायचे त्या सीटकडे बघत म्हणाली, "सांगाया पायजे त्यायला."