निरोपाच्या दिवशी भिजवलेले वाटाणे

माझ्या निरोप समारंभाचा स्वयंपाक मीच केला होता. (दुसरं कोण करणार? खोपोलीच्या त्या कारखान्यात कँटीनचा आचारी मीच!) सातवी नापास होऊन उदगीरकडून पळून आलेल्या पोराला शेठनी चुलीशी उभं केलं, त्याला कैक वर्षं झाली. अजून ते समोर आले की माझे हात आपोआप जोडले जातात. आदल्या दिवशी ते म्हणाले, "काका, आणखी दोन वर्षं थांबा की." माझ्या तोंडातून "हो" कधी निघालं, कळलंच नाही.

(खरं सांगायचं तर ते म्हणाले नसते, तर मीच पाया पडून विचारणार होतो. गावात आता मला ओळखतंय कोण? इथं निदान दोनशे माणसं 'काका' म्हणतात!)

राहिलं एवढंच, की हे बायकोला सांगायचं होतं.

सुमनचा अख्खा संसार तेव्हा टेंपोत चढला होता. सारा जन्म एका खोलीत काढून तिनं गावी दोन खोल्या बांधून घेतल्या होत्या. टेंपो कारखान्याच्या फाटकाशी उभा. समारंभ संपला की थेट गाव! म्हटलं, बोरघाट चढला की सांगू. (चढलेला घाट परत उतरायचा कसा, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही!)

हार पडला, शाल पडली, भाषणं सुरू झाली. सुमन कधी नव्हे ती माझं कँटीन बघायला आत गेली आणि तशीच माघारी आली.

"आवो, आत पातेलंभर वाटाणे भिजत घातलेत."

"असतील."

"कशाला?"

"उद्या मिसळ असती."

"करणार कोण?"

मी गळ्यातल्या हाराची गाठ चाचपू लागलो. तेवढ्यात आमचा कर्जतचा सुपरवायझर माइकवर ओरडला, "वयनी, काका कुठं जात नाय! उद्यापासून परत कामावर हायेत! टाळ्या!"

अशा टाळ्या पडल्या, की गडबडीत मीही वाजवल्या!

सुमननं पदरानं तोंड पुसलं. "दारावर तुमच्या नावाची पाटी लावून घेतलीय मी," एवढंच म्हणाली आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.

"अगं, दोनच वर्षं! थांब की!"

"तुमी थांबा. माझे गुडघे थांबत नाहीत."

टेंपो गेला.

संध्याकाळी रिकाम्या खोलीतून मी तिला फोन लावला. "सुमन, एका माणसाला तांदूळ किती घ्यायचे गं?" (दोनशेंचा भात मी डोळे मिटून टाकतो!)

तिकडं टेंपोची घरघर चालू होती.

"दोन मुठी," ती म्हणाली. मग नाक ओढून, "पर शिजवणार कशात? भांडी माझ्यासंगं हाईत."

"आणि तांदूळ?"

"तेबी."

"बरं, मग सोपं झालं," मी म्हणालो.

कोपऱ्यावरून वडापाव आणला. मीठ अंमळ कमी होतं. पण सांगणार कुणाला?