असीच्या अलीकडे

ढुंढिराज आठल्ये मास्तरांना सवलत या शब्दाचीच चीड होती. सदतीस वर्षं गणित शिकवलं, पण कुणाला अर्धा मार्क वाढवून दिला असेल तर शपथ. निवृत्त झाले त्या दिवशी भदैनीतल्या घरी आले, हातपाय धुतले आणि कालिंदीबाईंना म्हणाले की आपण क्षेत्रसंन्यास घेतला. म्हणजे काशीची हद्द आता सोडायची नाही. मरायचं ते इथेच. इथे प्राण गेला की माणूस सुटला, पुन्हा जन्म नाही. काशीतल्या मराठी घरांतून असा नेम घेतलेले म्हातारे पुष्कळ होते. पण शहाणे लोक हद्द धरत ती पंचक्रोशीची. ऐसपैस मामला, त्यात बाजार येई, इस्पितळ येई, सगळं येई. मास्तरांच्या मते ती सवलत झाली. वाराणसी म्हणजे वरणा ते असी, संपलं. आणि ही असी नदी म्हणजे काय हो? घरापासून दहा मिनिटांवरचा घाणेरडा नाला! पण तो नाला मास्तरांनी त्या दिवसापासून ओलांडला नाही.

कालिंदीबाईंना कुणी विचारलंच नाही. नवऱ्याचा नेम तोच बायकोचा. माहेर त्यांचं दूर सागर गावचं. बहिणीच्या तीन मुलींची लग्नं झाली, तिन्ही वेळा खण तेवढे पोस्टानं गेले, मावशी गेली नाही. नाल्यापलीकडे भाजी स्वस्त मिळायची, तर या बाई अलीकडच्या काठावर उभ्या राहून भाजीवालीला हाका मारायच्या आणि तिला पुलावरून इकडे बोलावून घ्यायच्या. भाजीवाली हसायची, बाईही हसायच्या. मोक्षबिक्ष त्यांना फारसं कळत नव्हतं. इतकं सोडलंय, तर शेवटी ह्यांच्या मागोमाग जायला मिळावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

अठ्ठ्याहत्तरच्या भाद्रपदात आभाळ फाटलं. वरून पाऊस आणि प्रयागकडून येणारा लोंढा, दोन्ही एकदम आले. गंगा घाट चढली, गल्लीत शिरली आणि तिसऱ्या दिवशी मास्तरांच्या देव्हाऱ्यापर्यंत पोचली. दोघं वरच्या मजल्यावर लतिकाकडे राहायला गेले. ही लतिका बँकेत नोकरी करणारी, एकटी राहायची, मास्तरांना काका म्हणायची. त्या वर्षी गणपतीचं विसर्जन जिन्यातच झालं, सहाव्या पायरीवर. विहीर बुडाली, रॉकेल संपत आलं. दारात आलंय ते गंगेचं पाणी, ते कसलं उकळायचं, असं मास्तर म्हणाले. मग तेच सगळे प्याले.

सकाळी कालिंदीबाईंना उलट्या-जुलाब सुरू झाले. दहापर्यंत डोळे खोल गेले, हातापायांत गोळे यायला लागले. समोरच्या गच्चीवर एक डॉक्टर अडकून पडले होते; त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं की सलाइन लावल्याशिवाय इलाज नाही, ताबडतोब इस्पितळात न्या. इस्पितळ लंका नावाच्या वस्तीत. म्हणजे असीच्या पलीकडे.

लतिकानं प्रल्हाद मल्लाहाची नाव खिडकीला लावून घेतली. मास्तरांनी बायकोला उचलून नावेत ठेवलं आणि स्वतःही बसले. शेजारी बसलेल्या लतिकाला हायसं वाटलं, म्हातारा निघाला एकदाचा. नाव रस्त्यावरून, दुकानांच्या पाट्यांच्या उंचीनं चालली. नाला नव्हता, पूल नव्हता, जिकडे पाहावं तिकडे एकच गढूळ पाणी. कालिंदीबाईंचं डोकं मास्तरांच्या मांडीवर होतं. मास्तर मात्र सारखे मान उंचावून पाहत होते, आणि एका विजेच्या खांबाशी त्यांनी प्रल्हादला नाव थांबवायला सांगितली.

प्रल्हादनं कपाळावर हात मारून घेतला. “मास्टर साहब, अब असी कहाँ? सब गंगा मइया हैं.”

तेवढ्यात कालिंदीबाईंनी डोळे उघडले. काय चाललंय ते त्यांना बरोबर कळलं होतं. नवऱ्याच्या धोतराचा सोगा त्यांनी मुठीत धरला आणि म्हणाल्या, “अहो, उतरू नका. पाण्याखालची रेघ देवाला तरी दिसत असेल का?”

“मला दिसते ना,” मास्तर म्हणाले.

त्यांनी तिची बोटं एकेक करून सोडवली. एका ओळखीच्या घराचा सज्जा तिथे पाण्याला टेकला होता, त्यावर चढले. तू पुढे हो, बरी होशील, मी इथेच उभा आहे, असं काहीसं म्हणाले. बायकोला बरं करून आणायला हरकत नाही, तिचा नेम मोडला तर प्रायश्चित्त आहे, असा हिशेब त्यांनी मनाशी केला होता. गणिताचे मास्तर ना! ती तिकडेच मेली तर, हे त्या हिशेबात कुठेच नव्हतं. किंवा असेल, आणि त्यांनी तिकडे पाहिलं नसेल. देव जाणे.

दिवेलागणीला नाव परत आली तेव्हा ते तिथेच उभे होते, भिजून चिंब. नावेत लतिका होती आणि चादरीत गुंडाळलेल्या कालिंदीबाई. इस्पितळाच्या व्हरांड्यात माणसाला लागून माणूस होता, नंबर लागेपर्यंत तीन वाजले आणि तेव्हाच त्या गेल्या. शेवटी एकच विचारत होत्या, असं लतिकानं सांगितलं, मी असीच्या अलीकडेच आहे ना?

“मी हो म्हटलं, काका,” लतिका म्हणाली. “खोटं बोलले. पाप लागायचं तर मला लागो.”

मणिकर्णिकेचा घाट पाण्यात होता. चिता घाटावरच्या इमारतीच्या छतावर रचली. देह काशीत जळला. पण शास्त्र विचारतं प्राण कुठे गेला ते, आणि तो तर पलीकडे गेला होता. अर्धा मार्क वाढवून न देणारा माणूस स्वतःला काय वाढवून देणार? ज्या सुटकेसाठी तिचं माहेर तोडलं, ती आता त्यांना एकट्याला मिळणार होती. ती कुठे कुणाच्या पोटी जन्म घेणार, पुन्हा कुणाचे नेम पाळणार, आणि हे मात्र मोकळे. मास्तर रडले ते त्या विचारानं रडले, धाय मोकलून.

कार्तिकात पाणी ओसरलं, घराच्या भिंती बसल्या. मास्तरांनी ट्रंक उचलली, नाला ओलांडला आणि नगव्यात एक खोली घेतली. पुरात घर गेलं, दुसरं काय करतील बिचारे, असं लोक म्हणाले. मास्तरांनी कुणाला काही सांगितलं नाही. त्यानंतर अकरा वर्षं त्यांनी असीच्या अलीकडे, काशीत, पाऊल टाकलं नाही. तोच हट्ट, तीच रेघ, फक्त उभं राहायची बाजू बदलली होती. मरायचं ते पलीकडे मरायचं, म्हणजे निदान तिला शोधत पुन्हा जन्माला येता येईल. जगायला त्यांना दुसरं कारण उरलं नव्हतं, आणि मरण तर येत नव्हतं.

आलं ते अर्धवट आलं. एका सकाळी अर्धं अंग गेलं आणि वाचा बसली. लतिकाला निरोप गेला. ती बँकेतून तशीच धावत आली, डॉक्टरांनी मान हलवलेली पाहिली आणि पदर खोचला. काकांचा नेम तिच्याइतका कुणाला माहीत होता? बायको गेली तरी मोडला नाही, तो नेम पुरामुळे मोडला, ही तिला अकरा वर्षं लागलेली टोचणी. तिनं चार माणसं बोलावली, खाट उचलायला लावली.

मास्तरांनी चालता हात खाटेच्या पायाला घट्ट धरला. मान हलवली. घशातून आवाज काढला. डोळ्यांतून धारा लागल्या तेव्हा लतिकाही रडली. काकांना बरं वाटतंय, असं ती खाट धरणाऱ्यांना म्हणाली. खाट पुलावर आली. खाली नाल्याला वीतभर पाणी होतं.

पूल संपल्यावर तिनं खाट थांबवली, वाकली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

“काका, असीच्या अलीकडे आलो हं,” ती म्हणाली. “या खेपेला खोटं नाही.”