मधमाश्यांना कळवायचं असतं

सिंगापूरच्या मराठी मंडळींत कुणी गाव विचारलं की माझी पंचाईत होते. सातारा म्हणावं, तर तिथे मी पाहुणीसारखी जाऊन आलेली. माझं गाव इंग्लंडमधलं. एक चर्च, एक तळं, एक पोस्ट आणि अख्ख्या गावाला एकच डॉक्टर, तो माझा बाप. हे सांगितलं की लोक म्हणतात, "अहो, ते नाही, मूळ गाव!" मी वडापिंपळाआधी ओक ओळखायला शिकले, यात माझा काय दोष?

तिथे आमच्या कुंपणापलीकडे एक म्हातारी राहायची. आई तिला आजी म्हणायची, म्हणून मीही. तिचे आजे-पणजे सगळे चर्चच्या आवारात पुरलेले. आपण पाहुण्यांना घर दाखवतो तशी ती आम्हाला त्यांची थडगी दाखवायची, आणि शेवटी एका मोकळ्या हिरवळीवर काठी टेकून म्हणायची, "ही माझी जागा."

आजीच्या परसात मधमाश्यांच्या पेट्या होत्या. घरात काही घडलं की ते आधी माश्यांना कळवायचं, अशी तिथली जुनी रीत. बाळ झालं, लग्न ठरलं, कुणी गेलं, काहीही. घराच्या किल्लीने पेटीवर ठोकायचं आणि हळू आवाजात सांगायचं. मालक गेला असेल तर नवा मालक कोण तेही सांगायचं. नाही सांगितलं तर माश्या निघून जातात, आणि जाताना घरातलं आणखी एक माणूस नेतात. बाबा हसायचे. आईला मात्र यात काही वावगं वाटलं नाही. "आपण नाही का लग्नाची पहिली अक्षत देवापुढे ठेवत?" एवढंच ती म्हणाली.

आजीचा नवरा गेला तेव्हा तिला अंथरुणातून उठवेना. तिने किल्ली आईच्या हातात दिली. मी आईचा पदर धरून मागे मागे. आई पेटीशी वाकली, किल्लीने ठोकलं आणि चक्क मराठीत म्हणाली, "तुमचे मालक गेले. आता आजी आहेत." आतली गुणगुण एकदम थांबली. मग हळूहळू पुन्हा चढली. इंग्लंडच्या माश्यांना मराठी कळतं याचं मला नवल वाटलं नाही. त्या थांबल्या, याची मात्र फार भीती वाटली.

पुढे आजीचा मुलगा दूर शहरात वारला, आणि त्या गडबडीत माश्यांना सांगायचं राहिलं. थंडी संपल्यावर पेट्या उघडल्या तर सगळ्या रिकाम्या, एक मेलेली माशीसुद्धा नाही. त्याच उन्हाळ्यात आजी आपल्या हिरवळीखाली गेली. तिचं वय झालं होतं, हृदय थकलं होतं, सर्टिफिकेट बाबांनीच लिहिलं. मी आज पॅथॉलॉजिस्ट आहे, मला ते कारण पुरतं. आईला ते कधीच पुरलं नाही.

बाबाही त्याच गावात वारले, दोन हजार पंधरा साली. मी तोवर सिंगापुरात, नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात स्थिरावले होते. जाऊन सगळं उरकलं, घर विकलं आणि आईला इथे, क्वीन्सटाउनच्या माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. विमानात ती म्हणाली, "ह्यांचं माश्यांना कुणी सांगितलंच नाही."

"आई, तिथे माश्या आहेत कुठे? पेट्यांच्या जागी कुणाची तरी गाडी उभी असते आता." मी अशी फटकन बोलते. स्वभावाला औषध नाही.

इथे आल्यावर ती जेवेनाशी झाली. घास चिवडायची आणि ताट सरकवायची. बाबा गेले, हे शब्द तिच्या तोंडून एकदाही आले नाहीत. तिच्या सगळ्या तपासण्या मी करून घेतल्या, रिपोर्ट एकजात चांगले. ती मलाच न्याहाळत बसायची. मी नुसती खोकले तरी दचकायची. "बरी आहेस ना गं?" आता माश्या नेतील ते माणूस मी असेन, ही तिची धास्ती. ते लक्षात आल्यावर मला तिची दया यायला हवी होती. मी चिडले.

मग तिला गुणगुण ऐकू यायला लागली. दुपारी पोळ्या लाटता लाटता हात थांबवायची. "ऐकलंस?" मी म्हणायचे, फ्रिज आहे. एकदा तिने उठून फ्रिजचं बटण बंद केलं आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मला काही ऐकू आलं नाही. निदान मी तसं म्हणाले.

एका शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात अंधारून आल्यासारखं वाटलं, म्हणून मी दिवा लावला. आदल्या दिवशी आईने बाबांचा जुना स्वेटर धुऊन खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत घातला होता. तो आता दिसतच नव्हता. त्याच्या जागी माश्या होत्या. बाह्यांवर, गळ्यावर, पाठीवर, एकीवर एक. सगळा घोस काचेला टेकून संथपणे हलत होता, पण जागा सोडत नव्हता. एवढ्या उंच मजल्यावर मी कधी एक माशी पाहिली नव्हती.

मी बाहेरच्या खोलीत जाऊन पेस्ट कंट्रोलला फोन लावला. "डोन्ट ओपन विंडो लाह," तिकडचा माणूस इथल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला. "आय कम नाऊ, कॅन?" फोन ठेवून परत आले तर आई चांगली साडी नेसून खिडकीशी उभी. हातात किल्ली, आमच्या गावच्या घराची. सगळ्या किल्ल्या मी नव्या मालकाला मोजून दिल्या होत्या. ही तिने कुठे लपवली होती कोण जाणे.

"आई, चावतील त्या."

"सांगायला आलेल्याला चावत नाहीत."

तिने खिडकी बोटभर उघडली आणि किल्लीने चौकटीवर ठोकलं. "हे गेले," ती म्हणाली. गुणगुण थांबली. खाली रस्त्यावरून बस गेल्याचा आवाज स्पष्ट वर आला. मग आई म्हणाली, "आता ह्या घराची मालकीण..." आणि तिने माझं नाव घेतलं, बाबांच्या नावासकट, पूर्ण. माश्या पुन्हा बोलू लागल्या.

मला आधी हायसं वाटलं. एकदाचं बोलली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नवऱ्यामागे बायको, अशी ती रीत होती. आजीच्या वेळी आईने आजीचंच नाव घेतलं होतं.

"माझं नाव का घेतलंस? तू आहेस ना?"

आईने किल्ली पदराने पुसली. "माझ्या वेळी कोण सांगणार? तुझा विश्वास नाही. म्हणून एकदमच सांगून टाकलं. आता तुला काही होत नाही."

मी तिच्या हातातून किल्ली ओढून घेतली आणि चौकट बडवली. "ऐका! आई आहे. मालकीण तीच आहे. तिने खोटं सांगितलंय तुम्हाला!" रिपोर्टांवर सह्या करणारी मी, उघड्या खिडकीत रडत माश्यांशी भांडत होते. माझ्यासाठी गुणगुण थांबली नाही. जराही थांबली नाही.

आईने माझ्या पाठीवर हात ठेवला. "खोटं नाही गं. लवकर सांगितलं, एवढंच."

पेस्ट कंट्रोलचा माणूस जाळी आणि टोपी घेऊन आला तेव्हा बांबूवर फक्त स्वेटर होता. त्याने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं आणि निघून गेला.

त्या दुपारी आईने स्वतः वरणभात लावला. लिंबू पिळलं, तूप वाढून घेतलं, दुसऱ्यांदा भात घेतला आणि पोटभर जेवली. सगळी कामं हातावेगळी करून बसलेल्या बाईसारखी निवांत जेवली. इतके महिने मी ह्याचीच वाट पाहत होते. मी समोर बसून तिच्याकडे बघत राहिले, आणि घाबरून माझं ताट तसंच सरकवलं.