ब्लॉककाका आणि काकूंची रिक्वेस्ट

"अहो नेनेबाई, अंगठा उचला! आधी तो अंगठा उचला फोनवरून!"

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ब्लॉककाका ओरडत होते आणि खाली पार्किंगमध्ये नेनेबाई दरोड्यात सापडल्यासारख्या हात वर करून उभ्या होत्या. कुठल्याशा लिंकवर त्यांना फुकट पैठणी मिळणार होती. काकांचा तो आवाज कर्वेनगरातून निघाला तो थेट मंडईत पोचला आणि एका भाजीवाल्याने दचकून कोथिंबीर फुकट दिली, असं मी सगळ्यांना सांगतो. कोथिंबिरीचं कोणी खरं मानत नाही. आवाजाचं मानतात. तो ऐकलेली माणसं सोसायटीत अजून आहेत, काका नाहीत.

उभी हयात विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात गेलेली. निवृत्तीनंतर त्यांनी सोसायटीचे फोन तपासायला घेतले. संशयास्पद मेसेज आला की तो आधी काकांकडे जायचा. ते चष्मा कपाळावर चढवून फोन नाकाशी धरत, वास घेतल्यासारखा, आणि निकाल देत. "घाई करतोय ना? मग चोर. खरं काम असलेला माणूस पुण्यात घाई करत नाही." एकदा कुणी परदेशी देखणी डॉक्टरीण त्यांच्याशीच मैत्री करायला आली. "खातं परवाचं, ओळखीचं एक माणूस नाही," काका म्हणाले. "आणि हे बघायचीही गरज नाही हो. मी आरशात बघितलं, तिथेच कळलं."

ब्लॉक करण्याआधी मात्र ते प्रत्येकाला उत्तर देत. लॉटरीवाल्याला, "आपणच ठेवा, घरच्या कार्याला होतील." वीज तोडायची धमकी देणाऱ्याला, "अवश्य या. येताना जिन्यातला बल्ब आणा."

"काका, उत्तर देऊ नये," मी म्हणालो. "नंबर चालू आहे हे कळतं त्यांना."

"कळू दे की. कोणाला तरी कळू दे."

मी असा हसलो की जिन्याचं प्लास्टर पडलं. काकू गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं, आणि त्यांच्या फोनवर चोरांखेरीज कोणी विचारपूस करत नव्हतं, हे प्लास्टर पडून गेल्यावर माझ्या डोक्यात शिरलं.

मग एका रविवारी सगळ्या सोसायटीला फेसबुकवर काकूंची फ्रेंड रिक्वेस्ट आली. नाव तेच, अबोली साडीतला फोटो तोच. कोणीतरी त्यांच्या जुन्या खात्यावरून उचलून नवं खातं उघडलं होतं. ग्रुपवर अशी बोंब उठली की लोणी काळभोरची कुत्री भुंकली असतील. पण तक्रार कोणी केली नाही. काकांच्या निकालाशिवाय बोट हलवायचं नाही, हा आमचा रिवाज. आणि गॅलरी गप्प होती.

मी वर गेलो. काकांनी फोन पुढे केला. रिक्वेस्ट स्वीकारलेली. समोरून आलेलं, "हाय, कसे आहात?" खाली काकांचं उत्तर, "बरा आहे. खिचडी टाकली आहे."

टोमणा नव्हता. मी दोनदा शोधला. जिना उतरताना आयुष्यात प्रथमच मला काही वाढवून सांगावंसं वाटेना.

ग्रुपवर कोणी विषय काढेना. आठवड्याने नेनेबाई धापा टाकत वर आल्या. मी तिथेच होतो. काकूंच्या नावाने त्यांच्याकडे ओटीपी मागितला होता.

"मला ठाऊक आहे हो त्या नाहीत," नेनेबाई रडकुंडीला आल्या. "पण फोटो बघितला आणि हात आपोआप टाइप करायला लागला. देणारच होते."

काकांनी आपला फोन हातात घेतला. नाकाशी नेला नाही. फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, "इकडे या, शिकून ठेवा. हे तीन ठिपके. इथे तक्रार. आता विचारेल, कोणाचं सोंग घेतलंय? 'ओळखीच्या व्यक्तीचं' म्हणायचं." प्रत्येक पायरी त्यांनी मोठ्याने वाचली आणि शेवटी ब्लॉक दाबलं. या वेळी उत्तर दिलं नाही. ग्रुपवर दोन शब्द टाकले, "तक्रार करा", आणि तासाभरात अख्ख्या सोसायटीने केली. संध्याकाळी खातं नाहीसं झालं.

"काका, तुम्ही कसे फसलात?" मी विचारलं.

काका चष्मा पुसत होते.

"फसलो नाही. पण रिक्वेस्ट स्वीकारल्याशिवाय तिच्या नावापुढे ऑनलाइनचा हिरवा दिवा दिसत नाही."