दवाखान्याच्या बाकावरच्या बाई

साठ सालच्या सुमाराची गोष्ट. ओरत्तनाडूहून तंजावूरला येताना बसमध्ये माझी छाती धडधडली आणि मी "आई गं" म्हणून ओरडलो. हृदयात काही दोष नाही, असं डॉक्टरांनी दोनदा सांगूनही भीती जात नव्हती.

"अय्यो, आपल्यातलेच की हो तुम्ही!" असं माझं मराठी ऐकून म्हणत शेजारच्या अनोळखी, तिथल्याच मराठी बाईंनी दवाखान्यापाशी बस थांबवली. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या त्या बाई माझ्याबरोबर उतरल्या आणि माझ्या चपला मांडीवर घेऊन बाकावर बसल्या. त्यांची कुंभकोणमची गाडी चुकली.

डॉक्टर पुन्हा तेच म्हणाले. बाहेर येऊन ते सांगताना मला मान वर करवेना.

"देव पावला!" म्हणत बाईंनी डोळे पुसले.

माझं हृदय निरोगी असल्याचा एवढा आनंद मला स्वतःला कधीच झाला नव्हता.